सुपरस्टिशनच्या डोंगरात पहिल्यांदा जाताना

पुण्याहून ॲरिझोनात, फिनिक्सजवळच्या चँडलरला आलो तेव्हा सामानात ट्रेकिंगचे बूट होते आणि डोक्यात सह्याद्रीत काढलेल्या पंधरा पावसाळ्यांची मस्ती. एकदा यूएस ६० रस्त्याने पूर्वेकडे जाताना समोर कातळाची उभी भिंत आली. माथा सपाट, कडेला सुळके. गाडी चालवणारा मित्र म्हणाला, "सुपरस्टिशन माउंटन्स." म्हटलं, येत्या शनिवारी जाऊ.

तो मे महिना होता. जवळ एक लिटरची बाटली आणि दोन केळी. सकाळी दहाला चढायला लागलो, साडेअकराला पाणी संपलं आणि बारा वाजता एका खडकाच्या वीतभर सावलीत डोकं धरून बसलो होतो. वरून उतरणाऱ्या एका म्हाताऱ्या जोडप्याने पाणी आणि खारे बदाम दिले, गाडीपर्यंत सोबत केली. रागावले नाहीत. आजीबाई निघताना एवढंच म्हणाल्या, "हिवाळ्यात ये."

तेव्हापासून दर हिवाळ्यात जातो. नवीन आलेली मराठी मंडळी विचारतात आणि दर वेळी तेच सांगावं लागतं, म्हणून एकदाचं लिहून काढलं. ज्यांनी कधी डोंगर चढला नाही ते मुळातच जपून असतात. हे त्यांच्यापेक्षा गडकिल्ले पालथे घातलेल्यांनी जास्त नीट वाचावं.

१. आधी कॅलेंडर उलटं करा

आपला ट्रेकचा हंगाम जूनमध्ये पहिला पाऊस पडला की सुरू होतो. इथे जूनमध्ये डोंगराकडे बघायचंसुद्धा नाही. नोव्हेंबर ते मार्च हा खरा हंगाम. ऑक्टोबरचा शेवट आणि एप्रिलची सुरुवात चालते, पण पहाटे निघून दहा-अकरापर्यंत खाली यायच्या बोलीवर.

उन्हाळ्यात फिनिक्समध्ये ११० अंश फॅरनहाइट, म्हणजे ४३ सेल्सिअस, ही रोजची गोष्ट असते. २०२३ साली तर सलग ३१ दिवस पारा त्याच्या खाली उतरलाच नाही. अतिउष्णतेचा इशारा असेल त्या दिवशी फिनिक्स शहर आपल्या हद्दीतल्या कॅमलबॅकसारख्या टेकड्यांच्या काही वाटा भर उन्हाच्या वेळी बंद ठेवतं. सुपरस्टिशन शहराच्या हद्दीत नाही. तिथे तुम्हाला अडवायला कोणी उभं नसतं, हे ध्यानात असू द्या.

फसवणूक कोरड्या हवेची आहे. कोकणकड्याच्या वाटेवर घामाने शर्ट चिंब होतो, म्हणून पाणी प्यायचं आठवतं. इथे घाम येतो आणि तिथल्या तिथे वाळतो. शर्ट कोरडा, त्यामुळे वाटतं सगळं ठीक आहे. डोकं दुखायला लागेपर्यंत उशीर झालेला असतो.

आणखी एक: ॲरिझोना घड्याळं मागे-पुढे करत नाही (नावाहो लोकांचा प्रदेश सोडून). डिसेंबरात साडेपाचच्या आतच सूर्य मावळतो. परतीची वेळ त्यावरून मोजा.

२. डोंगर कोणता आणि कोणाचा, ते जाणून घ्या

सह्याद्रीही ज्वालामुखीचा आणि हाही ज्वालामुखीचा, पण दोघांचा स्वभाव वेगळा. आपल्याकडे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी पातळ लाव्हा थरावर थर पसरत गेला, म्हणून पायऱ्यापायऱ्यांचे डोंगर दिसतात. इथे साधारण दोन कोटी वर्षांपूर्वी प्रचंड स्फोट झाले, जमीन खचली आणि गरम राखेचे जाड थर बसून त्यांचा दगड झाला. या राखेच्या दगडाला टफ म्हणतात. पायाखाली तो बसाल्टसारखा वागत नाही; कोरडा असताना बूट छान धरतो, पण कडेचा तुकडा हातात सुटून येऊ शकतो. धरायचा दगड आधी हलवून बघावा.

डोंगराच्या पायथ्याचं खोरं सॉल्ट नदीचं. तिथे इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या आसपासपासून पंधराव्या शतकापर्यंत होहोकाम लोकांनी वाळवंटात कालव्यांचं जाळं खणून शेती केली. आजच्या फिनिक्समधले काही कालवे त्यांच्याच जुन्या रेषांवरून जातात. शहराचं नावही त्यावरूनच पडलं, जुन्या वस्तीच्या राखेतून उठलेला पक्षी म्हणून. त्यांचे वारस मानले जाणारे अकिमेल ओओधाम, म्हणजे पिमा, आजही याच खोऱ्यात राहतात. त्यांच्या कथेत एक महापूर येतो, आणि डोंगराच्या कड्यावर दुरून जो फिकट पट्टा दिसतो ती त्या पुराच्या फेसाची खूण आहे असं ते सांगत. एकोणिसाव्या शतकात खोऱ्यात आलेल्या गोऱ्या शेतकऱ्यांनी पिमांच्या तोंडून या डोंगराच्या भीतीच्या गोष्टी ऐकल्या आणि नाव देऊन टाकलं, 'सुपरस्टिशन'. दुसऱ्याच्या श्रद्धेला अंधश्रद्धा म्हणणारं नाव दीडशे वर्षं नकाशावर आहे. मला ते खटकतं, पण दुसरं नाव घेतलं तर रस्ता कोणी सांगणार नाही.

३. डचमनची गोष्ट ऐका, फावडं मात्र घरी ठेवा

या डोंगरात गेलात की कोणी ना कोणी 'लॉस्ट डचमन'ची खाण काढणारच. तेव्हा पक्कं काय आणि हवेतलं काय, हे आधी माहीत असलेलं बरं.

पक्कं असं: जेकब वॉल्ट्झ नावाचा जर्मन माणूस होता. स्वतःच्या भाषेत तो 'डॉइच', लोकांच्या तोंडी झाला 'डच'. फिनिक्समध्ये सॉल्ट नदीकाठी त्याचं घर होतं. १८९१च्या फेब्रुवारीत नदीला मोठा पूर आला, घर गेलं, म्हातारा आजारी पडला आणि त्याच वर्षी २५ ऑक्टोबरला वारला. शेवटच्या दिवसांत त्याची शुश्रूषा ज्युलिया थॉमस नावाच्या बाईने केली. पुढच्या वर्षी तिने आपला धंदा विकून, दोन जर्मन भावांना बरोबर घेऊन, भर उन्हाळ्यात खाण शोधायला डोंगर धरला. हाती काही लागलं नाही. पैसे बुडाले, आणि मग तिने म्हणे खाणीचे नकाशे विकायला सुरुवात केली.

हवेतलं असं: मरताना वॉल्ट्झने खाणीच्या खुणा सांगितल्या, त्याच्या खाटेखाली सोन्याच्या दगडांची पेटी होती, मावळतीचं ऊन खाणीच्या तोंडात शिरतं, वीव्हर्स नीडल सुळक्याची सावली दुपारी चारला बरोबर तिथे पडते. त्याच्याही आधी मेक्सिकोतल्या पेराल्टा घराण्याच्या इथे खाणी होत्या आणि अपाची लोकांनी त्यांची माणसं कापून काढली, अशीही कथा आहे. इतिहासकारांना त्याचा भरवशाचा पुरावा सापडलेला नाही. सावली वर्षभर जागा बदलते हे पहिलीतल्या पोराला कळतं, पण सोन्याच्या नादी लागलेल्याला नाही.

या नादापायी माणसं खरोखर मेली. १९३१च्या जूनमध्ये ॲडॉल्फ रूथ नावाचा साठी ओलांडलेला, पायाने अधू गृहस्थ वॉशिंग्टनहून जुना नकाशा घेऊन आला आणि डोंगरात नाहीसा झाला. डिसेंबरात त्याची कवटी सापडली, तिला भोकं होती. गोळीची की जनावराच्या दातांची, हा वाद अजून चालतो. त्याच्या चिठ्ठीत लॅटिनमधली 'आलो, पाहिलं, जिंकलं' ही ओळ होती. आणि २०१०च्या जुलैमध्ये यूटाहून तिघे हीच खाण शोधायला आले. त्यांचे अवशेष पुढच्या जानेवारीत मिळाले. महिना बघा. ज्युलियाचा भर उन्हाळा, रूथचा जून, या तिघांचा जुलै. शापाबिपाची गरज नाही, उन्हाळा पुरेसा आहे.

कायद्याचं थोडक्यात: हा सगळा भाग टोंटो राष्ट्रीय वनात, 'सुपरस्टिशन विल्डरनेस' म्हणून राखलेला आहे, सुमारे १ लाख ६० हजार एकर. १९८४च्या सुरुवातीपासून इथे खाणकामाचे नवे दावे बंद आहेत. खजिन्यासाठी खणायलाही सरकारी परवाना लागतो. जुनी खापरं, बाणांची टोकं, काहीही उचलून खिशात घालणं हा केंद्रीय कायद्याखाली गुन्हा आहे.

४. वाट निवडा

वाटा पुष्कळ आहेत. नव्या माणसाने तिनांपलीकडे बघू नये.

हायरोग्लिफिक ट्रेल: जाऊन-येऊन सुमारे तीन मैल, चढ बेताचा. आई-बाबा भारतातून आले असतील किंवा मुलं बरोबर असतील तर हीच. वाटेच्या शेवटी खडकातल्या कुंडांजवळ होहोकामांनी कोरलेली चित्रं आहेत: मोठ्या शिंगांचे मेंढे, वेटोळी चक्रं. नाव चुकीचं आहे. ही लिपी नव्हे, चित्रं आहेत. खडकावर लोह-मँगनीजची काळपट साय हजारो वर्षांत चढते, ती टोचून काढली की खालचा फिकट दगड दिसतो. हात लावायचा नाही, खडूने गिरवून फोटो काढायचा नाही. कुंडांत पावसानंतर पाणी असतं, एरवी खडखडाट.

पेराल्टा ट्रेल ते फ्रीमाँट सॅडल: एका बाजूने अडीच मैलांच्या आत-बाहेर, चढ सुमारे १,३०० फूट. माझ्या मते पहिला खरा ट्रेक हाच. सॅडल म्हणजे आपली खिंड. तिथे पोचेपर्यंत सुळका दिसत नाही, आणि खिंडीत शेवटचं पाऊल टाकलं की वीव्हर्स नीडल एकदम समोर उभा राहतो.

फ्लॅटआयर्न: लॉस्ट डचमन स्टेट पार्कमधून सायफन ड्रॉ नावाच्या नाळेतून वर. सुमारे २,७०० फूट चढ, आणि वरच्या टप्प्यात राखलेली वाट नाही, हातापायांनी चढायचं. फोटो याचेच सगळीकडे दिसतात, म्हणून नवे लोक थेट इथेच जातात आणि अडकतात. चढताना जमतं, उतरताना घसाऱ्यावर गुडघे बोलायला लागतात. दोन-तीन हिवाळी ट्रेक झाल्यावर जा.

५. कागदपत्रं आणि पास

- गाडीचा परवाना आणि विम्याचा कागद.
- व्हिसावर असाल तर आय-९४ (देशात प्रवेश केल्याची नोंद), नाहीतर ग्रीन कार्ड. १८ वर्षांवरच्या परदेशी नागरिकाने नोंदणीचा पुरावा जवळ ठेवायचा, असा कायदाच आहे.
- आरोग्य विम्याचं कार्ड. आई-बाबांसाठी घेतलेल्या प्रवासी विम्याचंही. हेलिकॉप्टरने रुग्णालयात न्यावं लागलं तर रुग्णवाहिकेचं बिल डोळे पांढरे करतं.
- राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास लॉस्ट डचमनला चालत नाही. ते राज्याचं उद्यान, तिथे गाडीमागे वेगळं प्रवेशशुल्क. इथे दर वर्षी कोणीतरी फाटकावर हुज्जत घालत असतं.
- विल्डरनेसमध्ये दिवसभराच्या ट्रेकला परवाना लागत नाही. गटात जास्तीत जास्त १५ माणसं. मंडळाची सहल काढणाऱ्यांनी हा आकडा लिहून ठेवा, दोन बस भरून लोक आणू नका.

६. सॅकमध्ये काय

पाणी आधी. गडावर टाकी असतात, वाटेत धनगरवाडा असतो, पायथ्याच्या गावात कोणी मावशी हंड्यातलं पाणी देते. पुण्या-मुंबईच्या ट्रेकरचं सगळं गणित या माणसांवर उभं आहे आणि त्याला ते ठाऊकही नसतं. मलाही मेच्या त्या दुपारीच कळलं. इथे पायथ्याला गाव नाही, नळ नाही, वाटेत झरा धरायचा नाही. पेराल्टाला हिवाळ्यातसुद्धा माणशी तीन लिटर, आणि गाडीत वेगळे चार. नियम एकच: अर्धं पाणी संपलं की मागे फिरायचं, खिंड पन्नास पावलांवर असली तरी.

नुसतं पाणी ढोसूनही भागत नाही. रक्तातलं मीठ उतरलं की मळमळ आणि भ्रम होतो. इथे आपला डबा कामाला येतो: खारे शेंगदाणे, चिवडा, चिक्की, लोणच्याची फोड घातलेली दशमी, आणि एका बाटलीत मीठ-साखर-लिंबू. महागड्या पाकिटांपेक्षा मला लिंबू सरबतच मानवतं.

बाकी सामान:
- रुंद काठाची टोपी आणि लांब बाह्यांचा सैल शर्ट. अर्ध्या चड्डीचा मोह नको, काटे आहेत.
- जाड तळाचे, आधी वापरलेले बूट.
- डोक्याला बांधायची विजेरी, दुपारी निघालात तरी.
- फोनमध्ये आधीच उतरवून ठेवलेला नकाशा, शिवाय कागदाचा. आत रेंजचा भरवसा नाही.
- शिटी, चिकटपट्ट्या, चिमटा.
- दातांचा साधा कंगवा. हसू नका, पुढे येतंय.

७. प्रत्यक्ष वाटेवर

यूएस ६० वर अपाची जंक्शन ओलांडून पेराल्टा रोडला डावीकडे वळायचं. पुढे सात-आठ मैल, बराचसा कच्चा. कोरड्या दिवसांत साधी गाडी जाते, पण पत्र्यासारखे धक्के बसतात. शनिवार-रविवारी साडेसातनंतर जागा मिळणं अवघड. उजाडताना पोचा. गाडीत काचेतून दिसेल असं काही ठेवू नका.

वाट घळीतून वर जाते आणि कोरडा ओढा अनेकदा ओलांडते. नवा माणूस चुकतो तो इथेच: ओढ्याचं पात्र वाटेसारखंच दिसतं आणि चालायलाही सोपं असतं. दहा मिनिटं पाऊलखुणा किंवा दगडांच्या रचलेल्या ढिगाऱ्या दिसल्या नाहीत तर पुढे 'सापडेलच' म्हणत जाऊ नका, शेवटच्या खात्रीच्या खुणेपर्यंत परत या.

नावांचे उच्चार इथेच सांगतो, मी तोंडघशी पडलो होतो. उंच, हात वर केलेला निवडुंग 'सवारो'. त्याला पहिली फांदी फुटायलाच बहुधा पन्नास-पाऊणशे वर्षं लागतात, त्यामुळे त्यावर नाव कोरणाऱ्याला काय म्हणावं ते तुम्हीच ठरवा. केसाळ, गोंडस दिसणारा तो 'चोया'. त्याचे गोळे नुसत्या स्पर्शाने सुटून कातडीत रुततात. उडी मारतात असं लोक म्हणतात, मारत नाहीत, पण रुतल्यावर पटतं. हाताने ओढलात तर हातही अडकतो. कंगवा गोळ्याखाली घालून एका झटक्यात उडवायचा, उरलेले काटे चिमट्याने. चपट्या पानांचा निवडुंग मात्र ओळखीचा निघेल. आपल्याकडे बांधावर वाढतो तो फड्या निवडुंग मूळचा अमेरिका खंडातलाच.

साप: ॲरिझोनात रॅटलस्नेकच्या तेरा जाती आहेत, अमेरिकेतल्या कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. फुरसं जसं अंग घासून करकर करतं तसा हा शेपटी वाजवतो, पण नेहमी वाजवेलच असं नाही. हात-पाय ठेवायची जागा आधी बघा, ओंडक्यावर पाय देऊन मग पलीकडे उतरा, कानात गाणी नकोत. मार्चपासून ते जास्त दिसतात. 'हीला मॉन्स्टर' नावाचा जाडजूड, केशरी-काळा सरडा विषारी आहे, सुस्त आहे आणि कायद्याने संरक्षित आहे. दिसला तर नशीब. लांबून बघा.

खिंडीत पोचलात की बसा. समोरच्या सुळक्याचा माथा समुद्रसपाटीपासून साधारण ४,५५० फुटांवर आहे. पॉलिन वीव्हर हा जुन्या काळचा फिरस्ता होता (पॉलिन असूनही पुरुष), त्याचं नाव या सुळक्याला दिलंय. बहुतेकांनी इथूनच परतावं. वाट पुढे सुळक्याच्या पायथ्याकडे उतरते, पण उतरलेलं सगळं परत चढायचं असतं. खिंडीतून 'केव्ह ट्रेल' नावाची दुसरी वाट फुटते, तीही पहिल्या खेपेला टाळा.

८. आभाळाकडे लक्ष

इथेही पावसाळा आहे, शब्दही मान्सूनच. १५ जून ते ३० सप्टेंबर. पण हा पाऊस दुपारी फुटतो आणि अर्ध्या तासात घळी भरून वाहतात. तुमच्या डोक्यावर निळं आभाळ असताना पाच मैलांवर पडलेला पाऊस तुमच्या ओढ्यातून येऊ शकतो. पाण्याबरोबर दगड येतात. ओढ्याच्या पात्रात जेवायला बसू नका, पाणी आलं तर ओलांडायच्या फंदात न पडता उंचावर थांबा. बहुधा काही तासांत ओसरतं. गाडीसाठीही तेच. अडथळे लावून बंद केलेल्या पाणीभरल्या रस्त्यात गाडी घातली आणि सुटका करावी लागली, तर तिचा खर्च चालकाकडून वसूल करण्याचा कायदा इथे आहे. लोक त्याला सरळ 'मूर्ख चालकांचा कायदा' म्हणतात. मुळशीच्या पुलावर तो लागू करायला हरकत नाही.

९. काही झालंच तर

निघण्यापूर्वी घरी एकाला लिहून द्या: कोणती वाट, गाडीचा नंबर, किती वाजेपर्यंत फोन नाही आला तर ९११ (इथला आणीबाणीचा नंबर). 'संध्याकाळपर्यंत येतो' हे चालत नाही, वेळ लिहा.

साप चावला तर कापू नका, चोखू नका, आवळून बांधू नका, बर्फ लावू नका. अंगठी-घड्याळ काढा, माणसाला बसवा, ९११ लावा. रेंज नसेल तर एकाने खिंडीकडे किंवा उंचावर जाऊन प्रयत्न करावा, दुसऱ्याने सोबत थांबावं. वाट चुकली आणि अंधार पडला तर चालत राहू नका. जिथे आहात तिथे थांबलेला माणूस लवकर सापडतो. हिवाळ्यात रात्री गारठा असतो, म्हणून सॅकच्या तळाशी एक पातळ जाकीट कायमचं.

१०. उतरल्यावर

बूट गाडीबाहेर काढून झटका, मोज्यातले काटे तिथेच वेचा, नाहीतर आठवडाभर गाडीच्या सीटवर टोचत राहतात. घरी बूट बाहेर ठेवलेत तर सकाळी विंचवासाठी उलटे आपटून मग घाला.

वेळ असेल तर यूएस ६० वर परत येऊन राज्य रस्ता ८८ धरा. तिथल्या संग्रहालयात डचमनचे तऱ्हेतऱ्हेचे नकाशे बघायला मिळतात. शेजारी शेजारी लावलेले बघितले की एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही हे आपोआप कळतं. आवारात एल्विस प्रेस्लीच्या एका चित्रपटासाठी वापरलेलं पांढरं चर्चही आणून ठेवलंय. थोडं पुढे गोल्डफील्ड. आता ते पर्यटकांसाठी सजवलेलं गाव आहे, तिकिटाची आगगाडी, लुटुपुटूचा गोळीबार, मुलं खूश होतात. पण १८९२ साली इथे खरोखर सोनं सापडलं होतं. वॉल्ट्झला जाऊन फार काळ लोटला नव्हता, आणि ज्युलिया थॉमस त्याच उन्हाळ्यात त्याची खाण शोधत डोंगरात फिरत होती.